थरारक कादंबरीची गती

विमानतळाच्या पार्श्वभूमीवरील थरारक कादंबऱ्यांत आर्थर हेली यांच्या ‘एअरपोर्ट’ या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीला महत्त्वाचे स्थान आहे. अमेरिकेतील शिकागोजवळच्या एका काल्पनिक विमानतळावर, हिवाळ्यातील एका रात्री, अवघ्या सात तासांत तिचे कथानक घडते.

विमानतळ हिमवादळात सापडला आहे. एक विमान रुतून बसल्याने सर्वांत लांब धावपट्टी बंद आहे. त्याच वेळी कर्जबाजारी झालेला एक मनुष्य पेटीत बाँब लपवून रोमला निघालेल्या विमानात चढतो. आपल्या मृत्यूनंतर कुटुंबाला विम्याची रक्कम मिळावी, हा त्याचा हेतू असतो. स्फोटाने भगदाड पडलेले विमान माघारी वळते, तेव्हा उतरण्यासाठी त्याला नेमकी तीच धावपट्टी हवी असते.

बाँब विमानात गेलाच कसा, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. अमेरिकेत सर्व प्रवाशांची तपासणी १९७३ साली सक्तीची झाली. कादंबरी त्यापूर्वीची आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

या कादंबरीतील थरार केवळ धावपळीतून निर्माण होत नाही. नियंत्रण कक्षाचे काम कसे चालते, बर्फ कसा हटवला जातो, हे लेखक बारकाईने समजावतो. एक काम अडले की दुसरे कसे खोळंबते, हे वाचकाला उमगते. म्हणूनच धावपट्टी मोकळी होण्यास लागणारे प्रत्येक मिनिट त्याला मोलाचे वाटते. माहितीमुळे येथे कथा रेंगाळत नाही. उलट, तिला गती मिळते.