पाकग्रंथांच्या पानांतील नैवेद्य

आषाढी एकादशीचा उपवास आणि द्वादशीचे पारणे यांविषयी आपल्या घरांतून जेवढे अगत्य आढळते, तेवढे त्या पानातील पदार्थांच्या कुळाविषयी आढळत नाही. ते कुळ जुन्या पाकग्रंथांत सापडते. असे ग्रंथ आम्ही पुष्कळ वर्षे जमवीत आलो आहोत. कीर्तनाची निम्मी बिदागी रद्दीवाल्याकडे जाते, अशी आमच्या घरातील मंडळींची तक्रार आहे, व ती रास्त आहे.

संस्कृतातील 'मानसोल्लास' हा या संग्रहाचा मुकुटमणी. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास तो रचला. राजाचाच ग्रंथ, त्यामुळे त्यात मांसान्नेही आहेत. ती पाने आम्ही अभ्यासापुरती वाचतो. 'अन्नभोगा'त मंडक, म्हणजे आपले मांडे, सांगितले आहेत. गहू धुऊन वाळवावेत, दळून पीठ चाळावे, तूप व मीठ घालून मळावे आणि तापल्या खापरावर भाजावे. मुक्ताईने ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा वाचकांना ठाऊक आहेच. विसोबांनी खापरच का अडविले, याचा उलगडा येथे होतो. मांड्याला सपाट तवा कामाचा नाही.

तेथील 'इड्डरिका' ही इडलीची पूर्वज. तीत तांदूळ नाही. उडदाचे पीठ, मिरपूड, जिरे व हिंग एवढेच. आमच्या घरी ती करून पाहिली. नातवंडांनी दुसरी मागितली नाही. आम्ही तीन खाल्ल्या.

या ग्रंथात मिरची नाही, बटाटा नाही, भुईमूग नाही. असणार तरी कसे? ही सारी अमेरिकेची पिके, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुजलेली. रताळेही तिकडचेच, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही. मग साबुदाणा उपवासाला चालतो कसा, असे माताभगिनी आम्हांस विचारतात. आमच्या मते, खावा. परंतु त्यास सनातन म्हणू नये, आणि जी सून वरी, शिंगाडा वा सुरण रांधते तिला नावे ठेवू नयेत. ते पदार्थ अधिक जुने आहेत.

मराठीत छापील पाकग्रंथ आला तो १८७५ साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र'. अशा जुन्या पुस्तकांतून रांधताना मापांपाशी अडते. इंग्रजी अमदानीतील पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. छटाक ५ तोळ्यांचा, सुमारे ५८ ग्रॅम. पण गावोगावचा शेर निराळा होता. यास्तव वजन न पाहता जिनसांचे परस्पर प्रमाण पाहावे.

आजीच्या फडताळातील असे पुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी त्याच्या कडा अवश्य वाचाव्यात. आमच्या एका प्रतीत पुरणाच्या कृतीशेजारी शिसपेन्सिलीने 'गूळ पाऊण, देवाला' असे लिहिलेले आहे. छापील मजकूर अन्यत्र मिळेल, हे मिळणार नाही. यंदा द्वादशीस मांडे करावयाचे असल्यास आणि खापर नसल्यास, लोखंडी कढई पालथी घालून तापवावी.