पदवीही आणि धंद्याची उमेदवारीही

बारावीचा निकाल लागला की व्यापारी आणि कारागीर कुटुंबांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलाला आता दुकानावर बसवायचे की कॉलेजात धाडायचे? वडिलांना वाटते, तीन वर्षे पुस्तके वाचून आलेला मुलगा गल्ल्यावर बसायला लाजेल. मुलाला वाटते, आजच दुकानात बसलो तर वडिलांनी जेवढे केले तेवढेच आपण जन्मभर करीत राहू. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच ज्या शिक्षणात व्यवस्थापन व विपणनाची पदवी आणि प्रत्यक्ष धंद्यातली उमेदवारी एकत्र चालतात, त्या शिक्षणाची माहिती आपल्या वाचकांनी करून घेणे अगत्याचे आहे.

कल्पना जुनीच आहे

उस्तादाच्या हाताखाली राहून हुन्नर शिकणे आपल्या कारागिरांना नवे नाही. ही रीत कॉलेजच्या पदवीशी जोडण्याचे काम अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठाच्या हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली केले. अभियांत्रिकीचे २७ विद्यार्थी घेऊन त्यांनी आलटून पालटून वर्ग आणि कारखाना अशी योजना सुरू केली. जर्मनीत १९७४ साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने हीच पद्धत व्यापार-व्यवस्थापनाच्या शिक्षणालाही लागू केली. तेथे विद्यार्थी साधारण तीन महिने वर्गात बसतो आणि तीन महिने कंपनीत काम करतो. कंपनीशी त्याचा करार असतो आणि वेतन शिक्षणाच्या संपूर्ण काळात मिळते. २००९ साली या संस्थेला विद्यापीठाच्या तोडीचा दर्जा मिळाला.

आपल्याकडे काय सोय आहे?

आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. बरीच वर्षे तो मुख्यतः कारखाने व तांत्रिक शिक्षणापुरता होता. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही त्यात जागा मिळाली. पुढे २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार अशा पदवीत निदान एक सत्र प्रत्यक्ष कामाचे असावे आणि एकूण श्रेयांकांपैकी किमान २० टक्के त्या कामाला असावेत.

महाराष्ट्रात बीबीए, बीएमएस यांसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी २०२४ पासून सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, सुरू झाली आहे. पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अर्जाची मुदत निघून जाऊ नये. बारावीच्या परीक्षेची वाट न पाहता सीईटीच्या तारखांकडे लक्ष ठेवावे.

‘प्लेसमेंट’ म्हणजे कोणती?

येथे पालकांची हमखास गफलत होते. कॉलेजच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ पदवीनंतर नोकरी मिळवून देण्याचा दावा, एवढाच. आपण ज्याविषयी बोलतो आहोत ते शिक्षण चालू असतानाचे काम आहे आणि त्याचे गुण पदवीत धरले जातात. मुलाला पुढे नोकरी करायची नसून घरचा धंदा वाढवायचा असेल, तर त्याला जाहिरातीतल्या प्लेसमेंटचा उपयोग नाही. त्याला उपयोग आहे तो कामाच्या महिन्यांचा.

हे काम किती काळाचे, हेही पाहावे. चार श्रेयांकांची इंटर्नशिप म्हणजे १२० तास. रोज आठ तास धरले तर अवघे पंधरा दिवस! पंधरा दिवसांत माल कोठे ठेवतात एवढे कळते; तो का पडून राहतो हे कळायला पूर्ण हंगाम लागतो. सबंध सत्र कामाचे असेल तर विद्यार्थी सणाची गर्दी पाहतो, नंतरची मंदी पाहतो आणि उधारी वसूल होताना किंवा बुडतानाही पाहतो.

शिकून मिळते काय?

एक साधे उदाहरण घेऊ. एका कापड दुकानात सरासरी चार लाखांचा माल असतो आणि वर्षाला विकलेल्या मालाची खरेदी किंमत बारा लाख होते. म्हणजे माल वर्षात तीन वेळा फिरतो. विक्री तेवढीच राहून माल तीन लाखांवर आणता आला तर तो चार वेळा फिरेल आणि एक लाख रुपये मोकळे होतील. त्या पैशांत रोखीने खरेदी करून सवलत मिळवता येते. वर्गात हे सूत्र पाच मिनिटांत समजते. पण फळीवरचे कोणते तागे वर्षभर हललेले नाहीत हे पुस्तक सांगत नाही; त्यासाठी फळीपुढे उभे राहावे लागते.

कारागिराचेही तसेच. तीनशेचा कच्चा माल लावून वस्तू पाचशेला विकली की दोनशे सुटले, असा हिशेब मांडला जातो. पण त्या वस्तूला लागलेली स्वतःची मजुरी अडीचशे धरली, तर पन्नास रुपयांचा तोटा आहे, आणि भाडे व वीज अजून धरलेलीच नाही. आपली मजुरी हिशेबात न धरणे हे कारागिराच्या गरिबीचे एक मोठे कारण आहे. किंमत कशी ठरवावी, गिऱ्हाईक कोण आणि त्याच्यापर्यंत कसे पोहोचावे, हाच तर विपणनाचा अभ्यास.

प्रवेशापूर्वी हे विचारा

(१) प्रत्यक्ष काम किती आठवड्यांचे आणि त्याला किती श्रेयांक?
(२) जागा कॉलेज मिळवून देते की विद्यार्थ्याने शोधायची?
(३) लेखी करार होतो का? विद्यावेतन किती?
(४) काम शिकवायला तेथे कोणी ठरलेला माणूस असतो का? कॉलेजचे प्राध्यापक भेट देतात का?
(५) मागील वर्षीच्या मुलांनी नेमके कोणते काम केले?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उत्तरे देणाऱ्यांनी टाळाटाळ केली, तर तेथील मागील वर्षाच्या दोन मुलांना गाठून विचारावे. झेरॉक्स काढणे किंवा विक्रीचे उद्दिष्ट अंगावर घेऊन दारोदार फिरणे, एवढ्यालाच कोठे कोठे प्रशिक्षण म्हणतात. त्यातून फुकट राबणूक तेवढी होते.

दुसरा धोका घरातच आहे. ओळखीच्या दुकानदाराकडून शिक्का मारून प्रमाणपत्र आणायचे आणि ते महिने मुलाने आपल्याच दुकानात काढायचे, ही पळवाट पुष्कळांना सोयीची वाटते. यात कॉलेजची फसवणूक आहेच, पण मोठी फसवणूक मुलाची आहे. आपल्या दुकानात तो शेठचा मुलगा असतो. परक्या पेढीवर त्याला वेळेवर जावे लागते, चुकीबद्दल ऐकून घ्यावे लागते आणि आपल्यापेक्षा वेगळी रीत पाहायला मिळते. फी भरून मिळालेली ही संधी शिक्क्यापायी घालवू नये. मुलींच्या बाबतीत तर ही उमेदवारी अधिकच मोलाची. घरात शिवणकाम, जरीकाम किंवा खाद्यपदार्थ करणाऱ्या बायकांचा माल दलालाच्या भावाने जातो. त्याच घरातली मुलगी हिशेब आणि बाजार शिकून आली, तर भाव ठरवताना घराची बाजू मांडणारे कोणी असेल.

व्यापाऱ्यांनीही दार उघडावे

उमेदवार ठेवणे फक्त मोठ्या कंपन्यांचे काम, असा समज आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेणे बंधनकारक झाले. चार ते एकोणतीस माणसे असणाऱ्यांना ते ऐच्छिक आहे. पदवीच्या उमेदवारासाठी त्या वेळी किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरले. केंद्राच्या योजनेत नोंदणी केल्यास किमान विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. नोंदणी करताना चालू दर पाहून घ्यावेत.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या भोपळा आणि लाकूड घडवणाऱ्या हातांचा तो मान आहे. पण मानांकन मिळाले म्हणून गिऱ्हाईक आपोआप दारी येत नाही. कोणते वाद्य कोणाला विकले, दुरुस्तीला केव्हा आले, परगावी कसे पाठवावे, त्याचा खर्च किती, याची नोंद ठेवणारा माणूस लागतो. एका सत्रासाठी आलेला विद्यार्थी हे काम उभे करू शकतो. उस्तादाला नोंदवही मिळते, विद्यार्थ्याला विद्या मिळते.

तेव्हा बारावीनंतर दुकान की कॉलेज असा वाद घरात घालण्याऐवजी वडिलांनी व मुलाने एकत्र कॉलेजात जावे आणि वरचे पाच प्रश्न विचारावेत. आणि ज्यांचे दुकान वा कारखाना आहे, त्यांनी या वर्षी निदान एका विद्यार्थ्याला कामावर घेण्याचा विचार करावा. आपण दुसऱ्याच्या मुलाला नीट शिकवले, तर आपल्या मुलाला शिकवणारा कोणी भेटेल अशी अपेक्षा ठेवायला आपल्याला तोंड राहील.