गल्ला, नफा आणि फडताळातील औषधे

वैद्यकीय अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या व्यवसायबंधूंस हिशेबशास्त्र परके वाटते. तथापि त्याचे मर्म एका उदाहरणावरून ध्यानी येऊ शकेल, असे आम्हांस वाटते.

समजा, एका नव्या औषधालयाने पहिल्या महिन्यात 60,000 रुपयांची औषधे रोखीने घेतली. त्यांपैकी 40,000 रुपये खरेदीमूल्याची औषधे 52,000 रुपयांस विकली गेली. त्यांतील 12,000 रुपये उधार राहिले. भाडे व पगार यांवर 7,000 रुपये गेले. रोख आली 40,000, गेली 67,000. गल्ला 27,000 रुपयांनी घटला, म्हणून मालकास तोटा भासतो.

वस्तुतः विकलेल्या मालाचेच मूल्य खर्चात धरावयाचे असते. 52,000 मधून 40,000 व 7,000 वजा जाता 5,000 रुपये नफा उरतो. 20,000 चा शिल्लक साठा व 12,000 चे येणे ही ताळेबंदातील मालमत्ता होय. तीतून घटलेली रोख वजा केली असता तेच 5,000 येतात.

मात्र पुढे या साठ्यातील 6,000 रुपयांच्या चूर्णांची मुदत उलटली, तर नफा पुसला जाऊन 1,000 रुपयांचा तोटा होतो. उधारी बुडाल्यासही परिणाम तोच. घरखर्चासाठी घेतलेली रक्कम हा औषधालयाचा खर्च नसून मालकाची उचल होय. ती खतावणीत निराळी लिहावी.

सबब महिनाअखेरीस केवळ गल्ला मोजून थांबू नये. मुदतीच्या तारखांसह साठा मोजावा, येणे तपासावे आणि मगच नव्या खरेदीची मागणी नोंदवावी.