दक्षिण फ्रान्सचे द्राक्षमळे: वारा, खडक आणि कारिन्याँ

इटलीच्या सीमेपासून स्पेनच्या सीमेपर्यंत फ्रान्सचा भूमध्यसागरी किनारा पसरला आहे आणि त्याच्या पाठीशी द्राक्षमळ्यांचा जवळजवळ सलग पट्टा आहे. पूर्वेला प्रोव्हान्स, मध्ये ऱ्होन नदीचं दक्षिण खोरं, पश्चिमेला लाँगदॉक आणि अगदी खाली, पिरेनीजच्या पायथ्याशी, कातालान भाषकांचं रूसीयों. क्षेत्रफळ पाहिलं तर लाँगदॉक-रूसीयों हा फ्रान्समधला सगळ्यांत मोठा वाइन-प्रदेश. तरीही वाइनवर लिहिणाऱ्यांनी शंभरेक वर्षं त्याला दुय्यम लेखलं. मान बोर्दो आणि बर्गंडीला; दक्षिणेकडून यायची ती कामगारांच्या जेवणातली स्वस्त लाल वाइन. मला हा न्याय मान्य नाही. गेल्या दोनशे वर्षांत द्राक्षशेतीवर जी संकटं आली, म्हणजे रोग, कीड, भेसळ, कोसळलेले भाव आणि आता उष्णता, त्यांचा मोठा मार या मुलखाने खाल्ला आणि त्यांतल्या कितीतरी संकटांवरचे उपायही इथेच शोधले गेले. वाइन पिणारा असो वा नसो, द्राक्ष पिकवणाऱ्याने हा मुलूख समजून घ्यावा.

इथला वेल फार जुना. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकाइया नगरातले ग्रीक दर्यावर्दी आले आणि त्यांनी मासालिया, म्हणजे आजचं मार्सेय, वसवलं. द्राक्षशेती त्यांच्याबरोबर रुजली. इसवी सनापूर्वी ११८ मध्ये रोमनांनी नार्बोनची वसाहत स्थापली आणि मळे आतवर पसरले. पुढे पियेर-पॉल रिके या करवसुली अधिकाऱ्याने १६६६ ते १६८१ या काळात तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा कालवा खोदवला आणि सेत बंदर उभं राहिलं. मात्र दक्षिणेचं नशीब खऱ्या अर्थाने पालटलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आगगाडीमुळे. पॅरिस आणि उत्तरेच्या कारखानी शहरांपर्यंत पिंपं स्वस्तात पोचू लागली. मग टेकड्यांवरचे कमी पिकणारे मळे सोडून लोक सपाट, काळ्या जमिनीत उतरले आणि त्यांनी आरामों नावाची जात लावली. आरामों हेक्टरी अफाट पिकते. तिची वाइन मात्र फिकी आणि पाणचट. तिला रंग यावा म्हणून लुई बूशे आणि त्यांचे पुत्र आँरी यांनी लाल गराच्या द्राक्षांचे संकर केले. त्यांतली आलिकांत बूशे ही जात आजही टिकून आहे, आणि पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात तर तिला मोठा मान आहे.

याच काळात भुरी आली. आपल्या बागायतदारांना हा रोग नव्याने सांगायला नको. १८५० च्या दशकात भुरीने फ्रान्सचं पीक झोपवलं, तेव्हा माँपेलिए परिसरातले आँरी मारेस यांनी गंधकाची भुकटी कधी आणि कशी धुरळायची याची पद्धत बसवून दिली. सांगलीत आणि नाशकात आजही भुरीसाठी गंधक वापरला जातो.

त्यानंतर फिलोक्झेरा आला. १८६० च्या दशकात ऱ्होनच्या दक्षिण खोऱ्यातले वेल कारण न कळता वाळू लागले. १५ जुलै १८६८ रोजी सँ-मार्तँ-द-क्रो इथल्या मळ्यात माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमील प्लाँशों, गास्तों बाझीय आणि फेलिक्स साहू या तिघांनी वेल उपटून मुळं भिंगाखाली धरली. मुळांवर पिवळसर, माव्याच्या कुळातले बारीक कीटक चिकटलेले होते. मेलेल्या वेलावर ते सापडत नव्हते, कारण रस संपला की कीटक शेजारच्या वेलाकडे सरकत असत. म्हणूनच आधीच्या तपासण्या फसल्या होत्या. ही कीड अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर आली होती. १८७५ मध्ये फ्रान्सचं वाइन-उत्पादन सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर होतं, ते १८८९ मध्ये सुमारे २ कोटी ३० लाखांवर आलं. लोकांनी मळे पाण्याखाली बुडवले, जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचलं. टिकला तो एकच उपाय: ज्या अमेरिकन वेलांची मुळं या किडीला दाद देत नाहीत, त्यांच्या खुंटावर युरोपीय जातीचं कलम बांधायचं.

तेही सरळ झालं नाही. चुनखडीच्या जमिनीत पहिले अमेरिकन खुंट पिवळे पडले. १८८७ मध्ये माँपेलिएच्या कृषिविद्यालयाचे पियेर व्हियाला चुनखडीत तगणारा रानवेल शोधायला अमेरिकेत गेले आणि टेक्ससमध्ये त्यांना टी. व्ही. मन्सन हा जाणकार भेटला. मन्सनने बर्लांदिएरी जातीकडे बोट दाखवलं. आज फ्रान्समधले बरेच खुंट तिच्या संकरातून आलेले आहेत. याच मन्सनने टेक्ससमध्ये निवडलेला आणखी एक खुंट म्हणजे डॉगरीज. क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ यांवर तोडगा म्हणून महाराष्ट्रातल्या हजारो एकर द्राक्षबागा त्याच्यावर उभ्या आहेत. आपलं कारण वेगळं होतं, पण खुंटावर बाग उभी करण्याची ही विद्या मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली ती या दक्षिणेच्या दुःखातून. माँपेलिएच्या रेल्वे स्थानकासमोरच्या बागेत प्लाँशों यांचं स्मारक आहे.

मळे परत उभे राहिले आणि भाव कोसळले. टंचाईच्या वर्षांत व्यापाऱ्यांनी साखर, पाणी आणि सुके मनुके यांपासून बनवलेली ‘वाइन’ खपवायला सुरुवात केली होती. खरं पीक आल्यावरही ती थांबली नाही. ११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए गावचे ८७ द्राक्षशेतकरी नार्बोनला आलेल्या संसदीय समितीसमोर गाऱ्हाणं मांडायला निघाले. त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर, गावात कॅफे चालवणारा छोटा शेतकरी. पुढे दर रविवारी सभा भरू लागल्या आणि ९ जूनला माँपेलिएत पाच लाखांच्या आसपास माणूस जमला. त्याच महिन्यात पुढे नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. बेझिएच्या मातीतल्या पोरांनी भरलेल्या १७ व्या पायदळ पलटणीने बंड पुकारलं. आल्बेर पॅरिसला जाऊन पंतप्रधान क्लेमाँसोला भेटला. क्लेमाँसोने त्याला परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट दिली आणि ती बातमी वर्तमानपत्रांना सांगितली. आल्बेर विकला गेला, असं त्याच्याच लोकांना वाटलं. एका साध्या माणसाला इतक्या थंडपणे संपवल्याचं उदाहरण शेतकरी चळवळींच्या इतिहासात शोधावं लागेल. पण चळवळ वाया गेली नाही. २९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा झाला आणि सप्टेंबरच्या आदेशाने ठरलं की ताज्या द्राक्षांच्या किंवा त्यांच्या रसाच्या किण्वनातून होते तेवढीच वाइन. सहकाराची वाटही इथे आधीच पडली होती. मारोसाँ गावच्या ‘मुक्त द्राक्षशेतकऱ्यांनी’ १९०१ मध्ये एकत्र विक्री सुरू केली आणि १९०५ मध्ये सामाईक वाइनघर बांधलं.

आता जातींकडे वळू. कोकणातल्या जुन्या रायवळ आंब्यासारखी इथली कारिन्याँ: सगळीकडे वाढलेली आणि म्हणून कुणी किंमत न दिलेली. मूळची स्पेनची. उशिरा पिकते, भुरीला लवकर बळी पडते, आंबट आणि तुरट. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये सर्वांत जास्त लागवड हिचीच होती आणि सर्वांत जास्त वेल उपटले गेले तेही हिचेच. युरोपीय समुदायाने त्यासाठी पैसे मोजले. तरुण, भारी जमिनीतल्या कारिन्याँबद्दलचे आक्षेप खरे आहेत. पण कॉर्बिएरच्या किंवा फोजेरच्या खडकाळ उतारावर, तारेचा आधार न देता बुटक्या झुडपासारख्या वाढवलेल्या साठ-ऐंशी वर्षांच्या वेलाला जे मोजके घड लागतात, त्यांची वाइन गडद आणि ताजी असते. वाढत्या उन्हाळ्यात इतर जातींचा आंबटपणा गळून जातो, हिचा टिकतो. उपटलेल्या जुन्या कारिन्याँचं मोल आता कळू लागलं आहे, आणि जुना वेल पुन्हा लावता येत नाही.

ग्रनाशही स्पेनकडून आलेली. खोड ताठ, वारा सोसणारी. ऱ्होन खोऱ्यातून उतरणाऱ्या मिस्त्राल वाऱ्यापुढे हा गुण फार मोलाचा. हा वारा कोवळी फूट मोडतो, पण पावसानंतर घड वाळवून बुरशीही रोखतो. ग्रनाशमध्ये साखर भरपूर, रंग कमी. तिला रंग आणि कणा देतात सिरा आणि मूरवेद्र. सिरा म्हणजे नाशिकच्या बाटल्यांवरची शिराझ. ती इराणातून आली ही दंतकथा १९९८ च्या जनुकीय तपासणीने मोडीत काढली. तिचे आईबाप, द्युरेझा आणि मोंदूझ ब्लाँश, आग्नेय फ्रान्सचेच. मूरवेद्रबद्दल प्रोव्हान्समध्ये म्हणतात की तिला डोकं उन्हात आणि पाय पाण्यात हवेत. मार्सेयच्या पूर्वेला बाँदोलच्या समुद्राकडे तोंड केलेल्या पायऱ्यांवर तिला दोन्ही मिळतं. तिथल्या लाल वाइनमध्ये निम्म्याहून कमी मूरवेद्र चालत नाही आणि ती किमान अठरा महिने लाकडी पिंपात ठेवावी लागते. प्रोव्हान्समध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. बाकी प्रोव्हान्सच्या उत्पादनात सुमारे नव्वद टक्के गुलाबी वाइन, आणि ती दरवर्षी अधिकाधिक फिकट करण्याच्या बाजारी हट्टात सँसो आणि तिबूरें या जातींची स्वतःची चव पुसली जाते. हा तोटाच आहे.

ऱ्होनच्या दक्षिण खोऱ्यात शातोनफ-द्यु-पाप. चौदाव्या शतकात पोप आविन्योंला राहत. त्यांच्यापैकी बाविसाव्या जॉनने इथे उन्हाळी गढी बांधली. गावचे बॅरन पियेर ल रुआ यांनी १९२३ मध्ये शेतकऱ्यांसह नियम घालून घेतले: कुठल्या जाती, किती साखर, कशी छाटणी. मळ्याची जमीन कोणती? जिथे लव्हेंडर आणि थाइम उगवतात ती कोरडी जमीन. १९३६ मध्ये गावाला ‘आपेलासियों’, म्हणजे उगमस्थानाचं अधिकृत मानांकन, मिळालं. भौगोलिक मानांकनाची जी कल्पना आज आपल्याकडे रुळली आहे, तिला आकार देणाऱ्यांत ल रुआ अग्रणी होते. नियमांत तेरा जातींना परवानगी होती. एकच जात हा शुद्धतेचा पुरावा मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. एखाद्या वर्षी ग्रनाशचा मोहोर गळतो, एखाद्या वर्षी मूरवेद्र पिकत नाही. तेव्हा उरलेल्या जाती बाग सावरतात.

रूसीयोंची कहाणी वेगळी. तेराव्या शतकाच्या अखेरीस माँपेलिएतले वैद्य आर्नाउ द व्हिलानोव्हा यांनी किण्वन चालू असतानाच रसात मद्यार्क मिसळून ते थांबवण्याची युक्ती बसवली. द्राक्षाची गोडी वाइनमध्ये राहिली. बान्यूल्स, मोरी आणि रिव्हसाल्तच्या गोड वाइन अशाच होतात. बान्यूल्सला मळे समुद्रावर झुकलेल्या शिस्ट खडकाच्या उतारावर आहेत. दगडी बांध हाताने रचलेले, आणि वादळी पावसाचं पाणी वाहून नेणारे चर कोंबडीच्या पावलाच्या आकाराचे. काही वाइन काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून उघड्यावर, उन्हापावसात ठेवतात. अशा गोड वाइनचा खप फार घटला आहे आणि शेतकरी त्याच वेलांपासून कोरडी लाल वाइन करू लागले आहेत.

पांढऱ्या जातींना या आढाव्यात कमी जागा देतो, पण तोच सागरकिनारा पांढऱ्यांसाठीही उत्तम आहे. ‘तो’ नावाच्या सरोवराकाठची पिकपूल ही पांढरी वाइन तिथल्याच कालवांबरोबर पितात. लिमूच्या मोझाकपासून होणाऱ्या फेसाळ वाइनचा इतिहास १५३१ पर्यंत मागे नेला जातो. ला क्लापच्या चुनखडीवर बूरबुलाँक, आणि सगळीकडे मस्का.

१९७० च्या दशकात स्वस्त वाइनचा बाजार आटला. मार्च १९७६ मध्ये माँरेदों-कॉर्बिएर इथे पोलिसांशी झालेल्या चकमकीत एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी मारले गेले. त्याच दशकात आनियानजवळ एमे गिबेर यांनी मास द दोमा गासाक मळ्यात बोर्दोची काबर्ने सोव्हिन्यों लावून दाखवली, १९७८ ची पहिली वाइन काढली आणि दक्षिणेत उंची वाइन होऊ शकते हे जगाला मान्य करायला लावलं. पुढे काबर्ने, मेर्लो, शार्दोने यांचे मळे वाढले. त्यातून पैसा आला, हे खरं. पण सपाटीवरची मेर्लो जगात कुठेही मिळते, ती इथे करण्यात मला अर्थ वाटत नाही. १९८० च्या दशकात मान्यता मिळालेल्या फोजेर, सँ-शिन्याँ, कॉर्बिएर, मिनर्व्हा या नावांनी मळे परत टेकड्यांकडे आणि स्थानिक जातींकडे नेले. तो मार्ग बरोबर होता.

आज संकट उष्णतेचं आहे. २८ जून २०१९ रोजी एरो जिल्ह्यात पारा ४६ अंशांवर गेला. फ्रान्समधला तो उच्चांक. वेलांवरची पानं आणि कोवळे मणी करपून गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये कॉर्बिएरमध्ये सुमारे १६,००० हेक्टर रान जळालं. मशागत केलेला मळा वणव्याला अडवतो. जिथे मळे उपटले तिथे झुडपं माजतात आणि आग पसरायला रान मोकळं होतं. तरी खप घटल्यामुळे सरकारने अलीकडेच वेल कायमचे उपटण्यासाठी हेक्टरी ४,००० युरो देऊ केले.

अशा वेळी जातींचा साठाच उपयोगी पडतो. मार्सेयाँजवळ समुद्रकाठच्या वाळूत वासालची संशोधन बाग आहे. १९४९ पासून तिथे जगभरातल्या हजारो जाती जपल्या आहेत. वाळूत फिलोक्झेरा जगत नाही, म्हणून तिथले वेल स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. काबर्ने आणि ग्रनाश यांच्या १९६१ मधल्या संकरातून झालेली मार्सेलाँ ही याच परिसरातली जात, आणि वाढत्या उन्हामुळे खुद्द बोर्दोने आता तिला मर्यादित परवानगी दिली आहे. समुद्र जवळ येत असल्याने वासालचा संग्रह ग्रुइसाँजवळच्या पेश रूज इथे हलवण्याचं काम हाती घेतलं गेलं.

आपल्याकडे थॉमसन आणि तिच्यापासून निवडलेल्या वाणांनी भोकरी, फकडी, पंढरी साहेबी या जुन्या जाती बाजारातून हटवल्या. त्यांचा एखादा वेल नाशिक किंवा दौलताबादकडे कुणाच्या परसात उरला असेल, तर तो उपटू नका. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांना कळवा आणि छाटणीच्या वेळी त्याच्या काड्या राखून ठेवा.