सायकल, कोयता आणि चित्रपट महोत्सव

भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरला. लॅटिनची कन्या असलेल्या इटालियन भाषेतील, व्हित्तोरिओ डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) तेथे दाखविला गेला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ची (१९५३) प्रेरणा तोच, हे सर्वश्रुत आहे.

रोममधील एका बेकारास भित्तिपत्रके चिकटविण्याचे काम मिळते. अट एकच, सायकल स्वतःची हवी. ती तर गहाण पडलेली! पत्नी घरातील चादरी गहाण टाकून ती सोडविते, आणि पहिल्याच दिवशी सायकल चोरीस जाते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारास ही कथा परकी वाटू नये. तेथे नवराबायकोच्या जोडीसच ‘कोयता’ म्हणतात, आणि मुकादमाची उचल घेताच पुढील हंगामाचे श्रम गहाण पडतात. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मजुरीचे हे स्वरूप इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

महोत्सव मात्र पणजी, पुणे, मुंबई येथे, तेही बहुधा हिवाळ्यात. त्या वेळी हे प्रेक्षक उसाच्या फडात असतात. केज, धारूर वा अंबाजोगाईस हा चित्रपट दाखवावयाचा तर तो टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यातच दाखविला पाहिजे. आणि संवाद मराठीत सांगणारा एक जाणकार पडद्याशेजारी उभा हवा.