मोठ्या शहराशेजारचे गाव : कामठी

आपल्या वैनगंगेस पुढे जी कन्हान नदी मिळते, तिच्या काठी कामठी वसलेली आहे. नागपूर तेथून अवघे दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला बालाघाट जिल्हा व नागपूर एकाच राज्यात होते. मोठ्या शहराच्या सावलीत लहान गाव कसे टिकते, हे कामठीवरून चांगले समजते.

भोसल्यांच्या राजधानीजवळ इंग्रजांनी १८२१ मध्ये येथे लष्करी छावणी वसविली. फौजेला धान्य, कापड व सावकार लागतात. त्यामुळे बाजारपेठ उभी राहिली, रुंद रस्ते, बागा व तलाव झाले. परंतु १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली. कामठीलाही पुढे स्टेशन मिळाले आणि तोच मार्ग गोंदियाकडे आला; तरी व्यापार हळूहळू नागपुरास गेला. मागाहून फौजही कमी झाली. १८८१ पासून वस्ती घटत जाऊन १९०१ च्या शिरगणतीत ३८,८८८ माणसे उरली. अर्थात, जवळीक जशी गिऱ्हाईक आणते, तशी ते नेतेही.

तरीही कामठी ओस पडली नाही. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांचे हातमाग तेथे चालत होते. घरोघरी बिड्या वळल्या जात होत्या. याच गावचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी बिडी कामगारांना संघटित केले. १९३७ मध्ये ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आज गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र कामठीत आहे. १९९९ मध्ये जपानी देणगीदारांच्या साहाय्याने उभारलेले ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर पाहण्यास तर नागपूरचेच लोक कामठीस येतात.

यातून आम्हांस एक गोष्ट दिसते. छावणीच्या आधारावर मिळालेला व्यापार छावणीबरोबर ओसरला. पण लोकांनी अंगच्या कसबाने व संघटनेने जे उभे केले, त्याने गावाचे नाव राखले. आपल्या किरनापुराच्या एका बाजूस बालाघाट, दुसऱ्या बाजूस गोंदिया. मुले शिक्षणासाठी व पोटासाठी तिकडे जाणारच. त्यांना अडविणे योग्य नव्हे. मात्र त्यांना परत यावेसे वाटेल अशी शाळा, वाचनालय व दवाखाना गावात असणे, हे आपले काम आहे. आपल्यासारख्या न्यासांचे प्रयोजन हेच, असे आम्हांस वाटते.