चालत्या घराची जमीन

घर पाहायला आलेला पाहुणा भिंतींचा रंग पाहतो, पण घरात वावरणारी बाई आधी जमीन पाहते. आपल्या आज्या-पणज्यांनी शेणाने सारवलेल्या जमिनीवर संसार केले. जेवण, निजणे, पाहुणचार सारे जमिनीवरच होत असे. तेव्हा चार चाकांवर चालणाऱ्या घराची जमीन कशी असावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. तो आम्हांला आमच्या एका चुकीने शिकवला. तीच हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे वास्तव्य रियाध शहरातील बत्हा भागात आहे. जुन्या रियाधमधील ही बाजारपेठ परदेशातून आलेल्या कामकऱ्यांची. येथे हिंदी, उर्दू, बंगाली, मल्याळम अशा अनेक भाषा एकाच गल्लीत कानी पडतात. बत्हा या अरबी शब्दाचा अर्थच मुळी ओढ्याचे वाळू-खड्यांचे पात्र असा आहे, आणि एके काळी येथून पावसाळी ओढा वाहत असे. आज ओढा दिसत नाही, पण वाळू आहे. ती चपलेबरोबर येते, वाऱ्याबरोबर येते, बंद दाराच्या फटीतूनही येते.

हिवाळा लागला की येथील कुटुंबे गालिचे आणि कॉफीची भांडी घेऊन वाळवंटात मुक्कामाला जातात. या सहलीला ते 'कश्ता' म्हणतात. ती हौस आम्हांलाही लागली. एक जुनी हायेस व्हॅन घेतली आणि तिच्यात पलंग, शेगडी व जमीन बसवली.

ती पहिली जमीन दिसायला फार देखणी होती. लाकडासारख्या रेघांचे चकचकीत व्हिनाइल आम्ही सरळ गाडीच्या पत्र्यावर साध्या गोंदाने चिकटवले. उन्हाळ्यात रियाधचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत उष्णता ६० अंशांच्याही वर जाऊ शकते. गोंद मऊ पडला, व्हिनाइल फुगले, जागोजागी फुगे आले. तरी आम्ही दुर्लक्ष केले. पुढे हिवाळ्यात गावाहून आई आली. रात्री पाणी प्यायला उठली, चकचकीत जमिनीवर बारीक वाळू होती, आणि पाय सटकला. मनगट मुरगळण्यावर निभावले. पण त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. देखणेपणापायी आम्ही आईची हाडे पणाला लावली होती.

दुसऱ्या दिवशी जमीन उखडली आणि नव्याने विचार केला. लाकडी दिसणारे लॅमिनेट आतून लाकडाच्या भुश्श्याचे असते, पाणी सांडले की फुगते. फरशी तर नकोच. आमच्या गाडीचा तळ सुमारे ५ चौरस मीटर. त्यावर इंचभर जाडीची शहाबादी घातली तर वजन ३०० किलोंच्या वर जाईल. गालिचा ऊबदार खरा, पण वाळू पोटात धरून ठेवतो. जुने लोक ज्याला लिनोलियम म्हणत, ते जवसाचे तेल आणि बुचाची पूड तागाच्या कापडावर थापून करीत. इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. आज बाजारात त्या नावाने मिळते ते बहुधा प्लॅस्टिकचे व्हिनाइलच असते. शेवटी आम्ही व्हिनाइलच घेतले, पण बसमध्ये असते तसे, खरखरीत पृष्ठाचे. दुकानात नमुन्यावर पाणी शिंपडले, चिमूटभर वाळू टाकली, आणि अनवाणी पाय घासून पाहिला. दुकानदार हसला. हसू दे!

आता बसवण्याची रीत सांगतो. व्हॅनचा तळ सपाट नसतो, पन्हळीचा असतो. प्रथम तो धुऊन, गंज खरवडून, गंजरोधक प्रायमर लावावा. पन्हळीच्या खोबणीत पाणी न पिणाऱ्या फोमच्या पट्ट्या बसवाव्यात. त्यामुळे खालची उष्णता व आवाज दोन्ही कमी होतात. त्यावर ९ ते १२ मिलिमीटर जाडीचे, पाण्यात न उकलणारे प्लायवुड घालावे. १२ मिलिमीटरचे प्लायवुड चौरस मीटरला सुमारे ८ किलो भरते. त्याच्या कडांना वार्निश अवश्य पाजावे, कारण पाणी कडेनेच शिरते. स्क्रू पत्र्यात मारण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे. तेथे इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असतात. मूळच्या बोल्टांची भोके वापरता आली तर उत्तम.

माप घेण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे एकमेकांस चिकटवून चाकाच्या उंचवट्यासह पूर्ण आकार कापावा आणि त्यावरून व्हिनाइल कापावे. कापण्याआधी ते एक दिवस उलगडून ठेवावे. चारी बाजूंना थोडी फट सोडावी, म्हणजे उन्हात पसरायला जागा राहते. ती फट अॅल्युमिनियमच्या पट्टीने झाकावी. दाराशी मात्र उंबरठा ठेवू नये, नाहीतर केर बाहेर काढता येत नाही.

मॉरिशसच्या वाचकांना वाळवंटाची धास्ती नाही, पण समुद्राची खारी हवा आणि पावसाची ओल आहे. तेथे पत्र्याची गंजापासून राखण हेच पहिले काम, आणि व्हिनाइलखाली ओल साचली आहे का हे अधूनमधून एक कोपरा उचलून पाहणे हे दुसरे. जी जमीन दिसते ती दोन मिलिमीटरची. घर टिकते ते तिच्याखालच्या न दिसणाऱ्या थरांवर.

परवा पुन्हा वाळवंटात गेलो होतो. जेवणानंतर आईने केरसुणी घेतली आणि गाडीतली वाळू एका फटक्यात दाराबाहेर लोटली. मग सतरंजी अंथरून, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता हे घर झालं." आमचा सारा खर्च त्या एका वाक्यात वसूल झाला.